कोयोटीसाठी कोणते रिमफायर काडतूस निवडावे?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. मध्य टेक्ससमध्ये आपली चौदा एकर जमीन आहे, तिच्यावर अठरा शेळ्या आणि काही कोंबड्या आहेत, आणि गेल्या दोन महिन्यांत कोयोटींनी (कोल्ह्यासारखा उत्तर अमेरिकेतील वन्य प्राणी) तीन करडे नेली. जमिनीबरोबर आधीच्या मालकाकडून मिळालेली .२२ लाँग रायफल या काडतुसाची बोल्ट-अ‍ॅक्शन (दर गोळीनंतर मागचा दांडा, म्हणजे बोल्ट, हाताने मागे-पुढे करायची) बंदूक घरात आहे. ती पुरेल का, की .२२ मॅग्नम, .१७ एचएमआर किंवा .१७ विंचेस्टर सुपर मॅग्नम घ्यावी, हे आपण विचारता. ही चारही रिमफायर काडतुसे आहेत, आणि नावापुढचा आकडा म्हणजे गोळीचा इंचांतील अंदाजे व्यास. सर्वांत जवळचे घर तीनशे यार्डांवर असल्यामुळे .२२३ सारख्या सेंटरफायर काडतुसाचा आवाज आणि पल्ला आपल्याला नको आहे.

आधी उत्तर सांगतो आणि मग कारणे देतो. आपल्या परिस्थितीत .२२ मॅग्नम घ्यावे, त्यात ४० ग्रेनची (सुमारे २.६ ग्रॅम) जाड आवरणाची हॉलो पॉइंट, म्हणजे टोकाशी पोकळ आणि लागल्यावर फुलणारी, गोळी वापरावी आणि शंभर यार्डांच्या पुढे चाप ओढू नये. कुरण मोकळे असेल आणि दीडशे यार्डांवर उभा राहिलेला कोयोटी रोज दिसत असेल, तर .१७ विंचेस्टर सुपर मॅग्नमचा विचार करावा. .१७ एचएमआर हे अतिशय नेमके काडतूस आहे, परंतु या जनावरासाठी मी ते सुचवत नाही. .२२ लाँग रायफल या कामातून पूर्णपणे बाजूला ठेवावी. टेक्ससमधील एडवर्ड्स पठारावर बावीस वर्षे स्वतःच्या आणि शेजाऱ्यांच्या शेळ्या राखताना ही चारही काडतुसे मी वापरली आहेत, आणि यातील काही मते चुका करूनच बनली आहेत.

रिमफायरची मर्यादा कुठून येते, हे समजले की पुढचे आकडे नुसते आकडे राहत नाहीत. सेंटरफायर काडतुसाच्या बुडाशी मधोमध वेगळी कॅप बसवलेली असते. रिमफायरमध्ये ठिणगी देणारे रसायन पितळी पुंगळीच्या बुडाच्या पोकळ कडेत भरलेले असते आणि फायरिंग पिन ती कडाच चेचते. ती कडा पिनच्या ठोक्याने दबली पाहिजे, म्हणून पुंगळीचे पितळ पातळ ठेवावे लागते, आणि पातळ पितळ फार दाब सोसू शकत नाही. .२२ मॅग्नमचा कमाल दाब चौरस इंचाला सुमारे २४,००० पौंड आणि .१७ एचएमआरचा सुमारे २६,००० पौंड धरला जातो, तर .२२३ त्याच्या दुपटीहून अधिक दाबावर चालते. एकदा उडवलेली रिमफायर पुंगळी पुन्हा भरता येत नाही, म्हणजे कारखान्याने जे काडतूस बनवले आहे त्यातूनच निवड करावी लागते. म्हणून रिमफायरमध्ये काडतुसाच्या नावापेक्षा डब्यात कोणती गोळी आहे, हे अधिक काळजीने पाहावे लागते.

आता जनावराकडे पाहू. आपल्याकडचा कोल्हा डोळ्यांसमोर ठेवून कोयोटीचा अंदाज बांधला तर तो चुकतो. कोल्हा साधारण आठ ते अकरा किलोंचा असतो. टेक्ससमधला पूर्ण वाढलेला कोयोटी बहुधा अकरा ते सोळा किलोंच्या दरम्यान भरतो आणि ईशान्येकडील राज्यांत त्याहूनही मोठे नर आढळतात. हिवाळ्यातील दाट केसांमुळे तो आहे त्यापेक्षा बराच रुंद दिसतो, त्यामुळे नवा माणूस केसांवर नेम धरतो आणि गोळी छातीच्या खालून निघून जाते. हृदय आणि फुफ्फुसांचा जो भाग गोळीने गाठला पाहिजे, तो चार-पाच इंचांच्या बशीएवढाच असतो. कोयोटी चिवट असतो. चुकीच्या जागी जखम झालेला कोयोटी दोन-तीन मैल जाऊ शकतो, झुडपात शिरून दिवसभर जिवंत राहू शकतो, आणि त्याचे ते हाल होण्याला आपणच जबाबदार असतो. काडतुसाची निवड करताना माझ्या मनात पहिला प्रश्न हाच असतो की माझा सर्वांत वाईट नेम लागला, म्हणजे जनावर अर्धे वळलेले असताना गोळी खांद्याच्या हाडावर बसली, तरी हे काडतूस काम पूर्ण करील का. उत्तम नेम लागल्यावर काय होते, हे पाहून काडतूस निवडणारे लोक बहुतेक वेळा कमी पडणारे काडतूस निवडतात.

.२२ लाँग रायफल १८८७ पासून आहे आणि जगात बहुधा याहून अधिक खपलेले काडतूस नाही. ४० ग्रेनची वेगवान गोळी नळीतून सेकंदाला सुमारे १,२५५ फुटांनी निघते, तेव्हा तिच्यात साधारण १४० फूट-पौंड ऊर्जा असते. शंभर यार्डांवर ती नव्वदच्या आसपास उरते. (एक ग्रेन म्हणजे ग्रॅमचा साधारण पंधरावा भाग, शंभर यार्ड म्हणजे ९१ मीटर.) नेम अचूक असेल तर तीस-चाळीस यार्डांवर कानाजवळ बसलेली ही गोळी कोयोटीला जागेवर पाडते, यात शंका नाही, पिंजऱ्यात किंवा सापळ्यात अडकलेले जनावर संपवण्यासाठी सापळे लावणारे लोक हेच काडतूस वापरतात. परंतु आपण ज्या परिस्थितीत गोळी झाडणार आहात तिच्यात कोयोटी बांधलेला नाही. तो चालतो आहे, थांबून मान वळवतो आहे, आणि डोके ही त्याच्या शरीरातील सर्वांत जास्त हलणारी जागा आहे. छातीवर मारायचे म्हटले तर साधी शिसाची हॉलो पॉइंट गोळी बरगडीवर फुलते आणि फार आत जात नाही, आणि न फुलणारी गोळी बारीक भोक पाडून निघून जाते, ज्यातून रक्तही जेमतेम सांडते. सीसीआय कंपनीचे वेलोसिटर हे ४० ग्रेनचे १,४३५ फुटांचे काडतूस या गटात बरे आहे. पण त्यानेही निर्णय बदलावा एवढा फरक पडत नाही. आपली जुनी बंदूक सरावासाठी ठेवा. त्या कामाला तिच्यासारखी दुसरी नाही.

एक सावधगिरी इथेच सांगून ठेवतो, कारण नावांतील साम्यामुळे हा गोंधळ नेहमी होतो. .२२ मॅग्नम आणि .२२ लाँग रायफल ही लांबीने कमी-जास्त केलेली एकच वस्तू नव्हे. लाँग रायफलची गोळी पुंगळीच्या बाहेरील व्यासाएवढी असते आणि तिची मागची टाच पुंगळीत बसते. मॅग्नमची गोळी आवरणासह पूर्ण पुंगळीच्या आत बसते, म्हणून त्याची पुंगळी रुंद असते. मॅग्नम काडतूस आपल्या सध्याच्या बंदुकीत शिरणार नाही. उलट लाँग रायफलचे काडतूस मॅग्नमच्या नळीत सैलपणे शिरते, आणि ते झाडले तर पुंगळी फाटून तप्त वायू मागे येऊ शकतो. घरात दोन्ही रायफली ठेवणार असाल तर काडतुसांचे डबे वेगळ्या कपाटांत ठेवा.

.२२ विंचेस्टर मॅग्नम रिमफायर १९५९ मध्ये आले. त्यातील ४० ग्रेनची गोळी १,८७५ ते १,९१० फूट वेगाने निघते, नळीपाशी तिच्यात तीनशे बारा ते तीनशे चोवीस फूट-पौंड ऊर्जा असते आणि शंभर यार्डांवर दीडशेच्या थोडी वर राहते. म्हणजे शंभर यार्डांवरील मॅग्नम हे नळीच्या तोंडाशी असलेल्या लाँग रायफलपेक्षा बलवान आहे. हा एकच आकडा मला या निवडीत सर्वांत बोलका वाटतो. मात्र त्याचा लाभ गोळीच्या प्रकारावर ठरतो. बाजारात .२२ मॅग्नममध्ये ३० ग्रेनची, प्लॅस्टिकच्या टोकाची, २,२०० फूट वेगाची गोळी मिळते. तिचा मार्ग सपाट असतो, डब्यावरील आकडे आकर्षक असतात, आणि ती प्रेअरी डॉग किंवा जमिनीत बिळे करणाऱ्या खारींसाठी बनवलेली असते. लहान जनावराच्या आत ती एका इंचात फुटावी अशीच तिची रचना असते. कोयोटीच्या खांद्यावर तीच गोळी पृष्ठभागावर फुटून मोठी पण उथळ जखम करते. ४० ग्रेनची तांब्याच्या आवरणाची हॉलो पॉइंट गोळी, उदाहरणार्थ सीसीआयची मॅक्सी-मॅग किंवा विंचेस्टरची सुपर-एक्स, वेगाने थोडी कमी असली तरी बरगडी भेदून दोन्ही फुफ्फुसांपर्यंत पोहोचते. फेडरलची ५० ग्रेनची गोळीही मी वापरली आहे. ती आणखी आत जाते, पण वेग १,५३० फूट असल्याने तिचा मार्ग लवकर वाकतो आणि सत्तर यार्डांच्या पुढे अंतराचा अंदाज चुकला की नेमही चुकतो.

.१७ एचएमआर (हॉर्नाडी मॅग्नम रिमफायर) हॉर्नाडी कंपनीने २००२ मध्ये आणले. .२२ मॅग्नमचीच पुंगळी तोंडाशी आवळून तिच्यात .१७२ इंच व्यासाची गोळी बसवलेली आहे. १७ ग्रेनची गोळी २,५५० फुटांनी निघते, शंभर यार्डांवर तिचा वेग अजून १,९०० असतो, आणि चांगल्या रायफलीतून शंभर यार्डांवर पाच गोळ्या एका इंचात बसतात. एवढी अचूकता पाहून माणसाला तिचा मोह पडतो. मलाही पडला होता. पण १७ ग्रेन म्हणजे जेमतेम एक ग्रॅम आणि एक दशांश. नळीपाशी तिच्यात २४५ फूट-पौंड आणि शंभर यार्डांवर १३६ फूट-पौंड ऊर्जा असते, आणि ती ऊर्जा एवढ्या हलक्या गोळीत असल्यामुळे पहिल्या हाडाशीच संपून जाते.

एका जानेवारीत सकाळी नव्वद यार्डांवर एक नर कोयोटी माझ्या हाकेला, म्हणजे भक्ष्याच्या आवाजाची नक्कल ऐकून, आला. रायफलीवर माझा पूर्ण विश्वास होता, वारा नव्हता, नेम मी खांद्यामागच्या खोलगट भागावर धरला होता; चाप ओढताना त्याने पाऊल पुढे टाकले आणि गोळी वरच्या खांद्याच्या हाडावर बसली. तो पडला, उठला आणि सीडरच्या दाट झाडीत गेला. मी तीन तास माग काढला. दुसऱ्या दिवशी गिधाडांमुळे तो सापडला तेव्हा खांद्यावर तळहाताएवढी जखम होती आणि बरगड्यांच्या आत काहीही पोहोचले नव्हते. त्या दिवसापासून कोयोटीसाठी मी .१७ एचएमआर उचललेले नाही. ज्यांच्याकडे तीच रायफल आहे आणि दुसरी घेणे शक्य नाही, त्यांना मी २० ग्रेनची एक्सटीपी गोळी वापरायला सांगतो. ती २,३७५ फुटांनी निघते, उशिरा फुलते आणि अधिक आत जाते. अशा वेळी सत्तर-ऐंशी यार्ड ही मर्यादा ठेवावी, जनावर पूर्ण आडवे उभे असेल तरच गोळी झाडावी आणि ती खांद्याच्या मागे बरगड्यांवर बसेल असा नेम धरावा.

.१७ विंचेस्टर सुपर मॅग्नम हे या कुटुंबात वेगळेच आहे. विंचेस्टरने ते २०१२ च्या अखेरीस जाहीर केले, आणि त्याची पुंगळी बांधकामात खिळे ठोकणाऱ्या यंत्रांत वापरल्या जाणाऱ्या .२७ च्या औद्योगिक काडतुसावर बेतलेली आहे. ते पितळ जाड असते, म्हणून दाब ३३,००० पौंडांपर्यंत नेता येतो. २० ग्रेनची गोळी सेकंदाला ३,००० फुटांनी निघते आणि तिच्यात ४०० फूट-पौंड ऊर्जा असते. शंभर यार्डांवर २,५०० फूट आणि जवळजवळ २८० फूट-पौंड, दोनशे यार्डांवरही १८८ फूट-पौंड शिल्लक राहते. म्हणजे .१७ एचएमआर जिथे नळीपाशी सुरू होते, त्याहून जास्त ऊर्जा हे काडतूस शंभर यार्डांवर घेऊन जाते. २५ ग्रेनची गोळी २,६०० फुटांनी निघते आणि कोयोटीसाठी मला तीच अधिक भरवशाची वाटते, कारण २० ग्रेनची गोळी एवढ्या वेगाने जवळच्या अंतरावर फार लवकर फुटते. त्याची अडचण वेगळी आहे: या काडतुसाच्या रायफलींचे प्रकार मोजके आहेत, गावाकडच्या दुकानात डबे नेहमी मिळतीलच असे नाही, आणि एका काडतुसाचा खर्च स्वस्त .२२३ च्या जवळ जातो. तेवढे पैसे खर्च करायचेच असतील तर सेंटरफायर का घेऊ नये, असा प्रश्न कोणी विचारला तर मी त्याला चूक म्हणणार नाही. शेजारी दूर असलेल्या कुरणावर मी स्वतः .२२३ च वापरतो; त्यातील ५५ ग्रेनच्या गोळीत नळीपाशी साधारण १,२८० फूट-पौंड ऊर्जा असते, आणि वर सांगितलेला वाईट नेम ती निभावून नेते. परंतु आपण आवाज आणि पल्ला यांची जी कारणे दिली आहेत ती खरी आहेत, म्हणून रिमफायरच्या आत राहून उत्तर देणे मला योग्य वाटते.

अंतराचा विषय थोडा सविस्तर मांडतो, कारण लोक काडतूस बदलून जे साधू पाहतात ते पुष्कळदा अंतर मोजून साधते. ४० ग्रेनच्या .२२ मॅग्नमचा नेम शंभर यार्डांवर बसवला, म्हणजे तेवढ्या अंतरावर गोळी नेमक्या जागी लागेल अशी स्कोप (नेमाची दुर्बीण) लावली, तर दीडशे यार्डांवर गोळी सहा-सात इंच खाली जाते. चार-पाच इंचांच्या बशीसाठी हे फारच जास्त आहे. मी नेम पंच्याहत्तर यार्डांवर बसवतो. मग पन्नास यार्डांवर गोळी अर्धा इंच वर आणि शंभरावर साधारण दीड इंच खाली लागते, आणि या पूर्ण टप्प्यात बशीच्या मध्यावर नेम धरला की मनात गणित करावे लागत नाही. .१७ एचएमआर शंभरावर बसवले तर दीडशेवर अडीच इंचांहून थोडे अधिक खाली जाते; .१७ सुपर मॅग्नम शंभरावर बसवून दोनशेवर साधारण साडेचार-पाच इंच खाली जाते. हे आकडे नळीची लांबी आणि स्कोपची उंची यांनुसार थोडे बदलतात, म्हणून ते आपल्या रायफलीवर कागदावर तपासून घ्यावेत.

वारा मात्र कागदावर दिसत नाही. ताशी दहा मैलांचा आडवा वारा, म्हणजे आपल्या भागातील फेब्रुवारी-मार्चमधील रोजचा वारा, शंभर यार्डांवर .२२ मॅग्नमची गोळी पाच इंचांहून अधिक बाजूला नेतो. .१७ एचएमआरची तीन-साडेतीन इंच सरकते आणि .१७ सुपर मॅग्नमची दीड-दोन इंच. म्हणजे वारा वाहत असताना ज्या .२२ मॅग्नमची मी शिफारस केली, त्याचा पल्ला सत्तर यार्डांवर आणावा लागतो. त्यात कोयोटी हाकेकडे येताना वळसा घालून वाऱ्याच्या खालच्या अंगाला जाऊन वास घेतो, आणि वाऱ्याच्या रेषेतच उभा राहतो. ही त्याची सवय आपल्याला उपयोगी पडू शकते: बसण्याची जागा अशी निवडावी की वाऱ्याच्या खालच्या अंगाला साठ-सत्तर यार्डांवर मोकळी पट्टी असेल. मग तो त्या पट्टीत आला की वारा जवळपास आपल्या पाठीवरून त्याच्याकडे वाहत असतो, आणि गोळी बाजूला सरकण्याचा प्रश्न बराचसा मिटतो. एक साधा लेझर अंतरमापक मिळाला तर रायफलीपेक्षा त्याच्यावर आधी पैसे खर्च करावेत. कुरणात ऐंशी यार्ड आणि एकशे तीस यार्ड यांतील फरक डोळ्याला दिसत नाही.

रायफल आणल्यावर पहिल्याच दिवशी निदान तीन कंपन्यांची तीन प्रकारची काडतुसे घेऊन शंभर यार्डांवर पाच-पाच गोळ्यांचे गट पाडा. रिमफायर रायफल एखाद्या काडतुसावर प्रेम करते आणि दुसऱ्यावर अकारण रुसते, हे मी प्रत्येक नव्या नळीत पाहिले आहे. ज्या डब्याने माझ्या रायफलीत सव्वा इंचाचा गट दिला, तोच डबा माझ्या मेहुण्याच्या त्याच बनावटीच्या रायफलीत तीन इंच पसरला. शंभर यार्डांवर दीड इंचाच्या आत पाच गोळ्या बसत नसतील, तर ते काडतूस कोयोटीसाठी ठेवू नये. जो डबा उत्तम निघेल त्याच्या एकाच खेपेचे हजारभर नग घेऊन ठेवावेत. आपली नवी रायफल बोल्ट-अ‍ॅक्शन असावी, असे मला वाटते. आपोआप भरणाऱ्या रायफलींत मॅग्नम रिमफायर काडतुसांनी पूर्वी त्रास दिला आहे. २०१५ साली आलेल्या सॅव्हेजच्या ए१७ मध्ये बोल्ट उशिरा उघडण्याची सोय करावी लागली, ती याच कारणाने. शेळ्यांच्या गोठ्याजवळ दुसरी गोळी झटपट झाडण्यापेक्षा पहिली विचारपूर्वक झाडणे, हे बोल्ट शिकवते.

आता सुरक्षिततेविषयी. रिमफायर कमी शक्तीचे असल्यामुळे सुरक्षित आहे, ही समजूत चुकीची आहे. .२२ लाँग रायफलच्या डब्यांवर सुद्धा गोळी दीड मैलापर्यंत जाऊ शकते असा इशारा छापलेला असतो, आणि आपले शेजारी तीनशे यार्डांवर आहेत. दगडाळ जमिनीवर किंवा तळ्याच्या पाण्यावर तिरकस लागलेली जड, मंद गोळी उसळते; .१७ च्या हलक्या वेगवान गोळ्या बहुधा फुटून जातात, हा त्यांचा खरा गुण आहे, आणि घरे फारच जवळ असती तर केवळ या एका गुणासाठी मी माझे मत बदलून .१७ सुपर मॅग्नमकडे झुकलो असतो. आपल्या ठिकाणी उपाय सोपा आहे. गोठ्याजवळ दहा-बारा फूट उंचीचा मचाण बांधा, म्हणजे प्रत्येक गोळी वरून खाली जाईल आणि मागे मातीच असेल. क्षितिजावर, चढाच्या कडेवर उभ्या असलेल्या कोयोटीवर कधीही गोळी झाडू नका, तो कितीही जवळ असला तरी.

कायद्याचे काही मुद्दे काडतुसाइतकेच महत्त्वाचे आहेत. टेक्ससमध्ये कोयोटीला बंदीचा हंगाम नाही, आणि जनावरांवर हल्ला करणाऱ्या, करण्याच्या बेतात असलेल्या किंवा नुकताच केलेल्या कोयोटीला मारण्यासाठी राज्याचा शिकार-परवाना लागत नाही. तरीही गोळी आपल्या हद्दीबाहेर गेली, तर तो गुन्हा आहे. आणि दहा एकर किंवा त्याहून लहान भूखंडांच्या वसाहतींत गोळी झाडण्यावर काउंटी बंदी घालू शकते, म्हणून आपली चौदा एकर एकाच तुकड्यात आहे ना, हे पाहून घ्या. आपल्यासारख्या भारतातून आलेल्या वाचकांसाठी याहून मोठा मुद्दा संघराज्याच्या कायद्याचा आहे. एच-१बी सारख्या बिगर-स्थलांतरित व्हिसावरील व्यक्तीला बंदूक किंवा काडतुसे बाळगण्यास सामान्यतः मनाई आहे, आणि त्या मनाईतून सुटण्याचा नेहमीचा मार्ग म्हणजे चालू मुदतीचा शिकार-परवाना. टेक्सस म्हणते परवाना लागत नाही, पण व्हिसा तसा असेल तर परवान्याविना घरात ठेवलेली जुनी .२२ सुद्धा आपल्याला अडचणीत आणू शकते. ग्रीन कार्ड असलेल्यांना ही मनाई लागू नाही. आपली स्थिती कोणती आहे हे आपण लिहिलेले नाही. शंका असेल तर रायफलीला हात लावण्यापूर्वी स्थलांतराच्या वकिलाला विचारा. कॅलिफोर्नियातील वाचकांनी हेही लक्षात घ्यावे की तिथे १ जुलै २०१९ पासून कोणत्याही वन्य प्राण्याच्या शिकारीसाठी शिसेविरहित गोळीच लागते, आणि रिमफायरमध्ये शिसेविरहित गोळ्या हलक्या आणि लवकर फुटणाऱ्या आहेत. त्यामुळे तिथे माझे उत्तर सेंटरफायर असेच असेल. महाराष्ट्रात कोल्ह्याच्या बाबतीत यातील काहीही लागू होत नाही, कारण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण दिलेले आहे.

गोळी झाडल्यानंतरची पाच मिनिटे शिकाऱ्याची परीक्षा घेतात. चाप ओढल्याबरोबर बोल्ट मागे-पुढे करून दुसरे काडतूस नळीत घ्या आणि स्कोपमधून नजर हलवू नका. रिमफायरने पडलेला कोयोटी उठण्याची शक्यता सेंटरफायरपेक्षा खूप जास्त असते, आणि तो उठताना दुसरी गोळी देण्यासाठी एक-दोन सेकंदच मिळतात. तो झाडीत गेलाच, तर गोळी लागली ती जागा एखाद्या खुणेने पक्की करा, अर्धा तास थांबा आणि मग माग काढा. फेसाळ, फिकट लाल रक्त फुफ्फुसांचे असते आणि जनावर बहुधा शंभर यार्डांच्या आत सापडते. हिरवट पाणी मिसळलेले गडद रक्त दिसले तर गोळी पोटात लागली आहे, आणि तेव्हा दोन तास तरी थांबावे, नाहीतर तो मैलभर पुढे जातो. मेलेल्या जनावराला उघड्या हातांनी स्पर्श करू नका. दक्षिण टेक्ससमध्ये १९८८ मध्ये कोयोटींत रेबीजची साथ सुरू झाली होती आणि १९९५ पासून राज्याने विमानातून लसीची आमिषे टाकून ती आटोक्यात आणली; परंतु हातमोजे घालण्याची सवय आम्ही तेव्हापासून सोडलेली नाही.

एक शेवटची गोष्ट आपल्या तीन करडांविषयी. करडे नेणारा कोयोटी बहुधा एक ठरावीक जोडीच असते, आणि एप्रिल-मे मध्ये बिळात पिल्ले असताना ती सर्वांत धीट होते. रायफल येईपर्यंत शेळ्या सूर्यास्तापूर्वी विजेच्या तारेच्या आत घ्या आणि विणाऱ्या शेळ्या घराच्या बाजूच्या खोलीत ठेवा. त्या तारेची सर्वांत खालची ओळ जमिनीपासून सहा इंचांवर असू द्या, कारण कोयोटी उडी मारण्यापेक्षा खालून उकरून आत येणे पसंत करतो. तारेच्या कोणत्या बाजूला त्याने उकरण्याचा प्रयत्न केला ते पहाटे पाहत राहा. मचाण कुठे बांधायचा हे तो स्वतःच आपल्याला दाखवील.